डीई_गडगा: चतुर्थीपर्यंतचा हिशोब

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझा काउंटर स्ट्राइकचा मॅप डीई_गडगा अर्धा झालेला, पीसीचे पार्ट यायचे होते आणि पाऊस सुरू व्हायचा होता. आता पार्ट आले, पाऊस धो धो येऊन गेला, मॅप चतुर्थीला पडवीत दहा जणांनी खेळून बघितला. मधल्या काळात माझी दोन रेकॉर्डिंगं आणि एक पॉवर सप्लाय गेला, त्याचंही सांगतो.

नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात. गेम काउंटर स्ट्राइक १.६, हो तोच जुना. कारण सोपंय, मुंबईहून चाकरमानी येतात ते ऑफिसचे लॅपटॉप घेऊन येतात, त्यात ग्राफिक्स कार्डाच्या नावाने शिमगा, आणि १.६ कशावरही पळतो. मॅप (म्हणजे गेममध्ये खेळायची जागा) आमच्या मालवणकडच्या वाडीवरून बेतलाय, जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), पाणंद, कौलारू घरं, खाली बंदर. हॅमर या मॅप बनवायच्या एडिटरमध्ये बनवतोय.

आधी मशीन. जुना होता आय३-२१२०, दोन कोर चार थ्रेड. त्यावर फक्त व्हिस कंपाइलला (मॅपमध्ये कुठून काय दिसतं ते आधीच मोजून ठेवायची पायरी) सव्वा तास लागायचा आणि त्यात लाईट गेली की पहिल्यापासून. आता रायझन ५ ५६००, सहा कोर बारा थ्रेड, सेकंडहँड बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि सेकंडहँड जीटीएक्स १६५० सुपर. बोर्ड घेताना एक बघा, ५६०० प्रोसेसर बी४५० वर चालतो पण बायोस नवीन असेल तरच, आणि या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड आलं नाही तोवर स्क्रीनवर काळोख. माझं कार्ड कोल्हापूरहून पार्सलने यायला नऊ दिवस लागले, तोवर मी नुसता फॅन फिरताना बघत बसलो.

सगळे विचारतात की एवढ्या जुन्या गेमला १६५० सुपर कशाला. गेमला नाहीच, गेम तर कार्डाला हुंगतही नाही. कार्ड घेतलं एन्कोडरसाठी, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या भागासाठी. बहुतेक साध्या १६५० वर (सुपर नसलेल्या) जुन्या पिढीचा एन्व्हीएन्क (कार्डातला एन्कोडर) आहे, सुपरवर ट्युरिंग या नव्या पिढीचा, आणि रेकॉर्डिंगमध्ये मला नेमकं तेच हवं होतं. आता ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालू आहे की बंद हे खेळताना कळतसुद्धा नाही, आय३ वर एक्स२६४ ने (प्रोसेसरवरच चालणारा एन्कोडर) रेकॉर्ड करायचो तेव्हा स्मोक टाकला की गेम अडखळायचा.

आणि रेकॉर्डिंगला एसएसडी लागते हा एक गैरसमज आहे बरं का. ४० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तरी सेकंदाला ५ एमबी लिहायचे असतात, मिनिटाला ३००, तासाला १८ जीबी. जुनी हार्डडिस्क याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. एसएसडी विंडोज, गेम आणि एडिटरला ठेवा, रेकॉर्डिंग खुशाल १ टीबीच्या जुन्या डिस्कवर टाका. मी तेच केलंय, काही त्रास नाही.

त्रास दिला तो लाईटीने.

जुलैत एक छान मॅच झाली ऑनलाइन, चाळीस मिनिटं, मी शेवटच्या राउंडला एकटा चार जणांविरुद्ध उरलेलो आणि बॉम्ब डिफ्यूज करत होतो, आणि तेवढ्यात फांदी पडली कुठेतरी आणि अख्खी वाडी काळोखात. लाईट आल्यावर बघतो तर फाइल आहे, १२ जीबीची आहे, पण उघडत नाही. मी एमपीफोरमध्ये रेकॉर्ड करत होतो. साध्या एमपीफोरची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते, मध्येच वीज गेली की आत सगळी पानं आहेत पण कुठलं पान कुठे ते प्लेअरला कळत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल प्रकारात लाईट जाईपर्यंतचं सगळं टिकतं, शेवटचे काही सेकंद गेले तर गेले. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून (आतला व्हिडिओ तोच, फक्त फाइलचा प्रकार बदलून) त्याचं एमपीफोर करता येतं, मिनिटभराचं काम, क्वालिटी तसूभर कमी होत नाही. ओबीएस ३०.२ पासून हायब्रिड एमपीफोर पण आलंय, तेही मध्येच तुटलं तरी वाचतं म्हणे, पण मी एकदा पोळलोय त्यामुळे एमकेव्हीच.

मग म्हटलं व्हिडिओच नको, डेमो करू. १.६ मध्ये कन्सोलला (गेमला कमांड द्यायची खिडकी) रेकॉर्ड लिहून नाव दिलं की डीईएम फाइल तयार होते, त्यात चित्र नसतं, फक्त कोण कुठे होतं आणि कुठे गोळी मारली हा डेटा. अर्ध्या तासाच्या मॅचची माझी फाइल १४ एमबी झाली. नंतर निवांत, लाईट नीट असताना, तो डेमो परत चालवायचा आणि ओबीएसने टिपायचा. कार्ड स्वस्तातलं असेल तर हा रस्ता बेस्ट, खेळताना मशीनवर काही भारच नाही. फक्त डेमोचीही तीच गत, स्टॉप दिल्याशिवाय फाइलच्या शेवटच्या नोंदी होत नाहीत, आणि हे मला दुसऱ्यांदा लाईट गेल्यावर कळलं. दुरुस्त करायची टूल्स आहेत, मी दोन संध्याकाळी घालवल्या, नाही जमलं, सोडून दिलं.

त्यामुळे शेवटी यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅटचा घेतला. वॅटमीटर लावून बघितलं तर खेळताना मॉनिटर धरून २०० च्या आसपास जातं, म्हणजे लोड झेपतो. आत एकच बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएच, कागदावर ८४ वॅट-अवर, म्हणजे पंचवीस मिनिटं चालायला हवं, पण लेड-ॲसिडमधून एवढ्या जोरात ओढलं की ती कागदाएवढं देत नाही, वर यूपीएस स्वतःचा वाटा खातो. प्रत्यक्षात नऊ मिनिटं. स्टॉप द्यायला आणि मित्रांना शिव्या घालून बाहेर पडायला पुरेशी आहेत. घरचा इन्व्हर्टर आहेच पण तो बॅटरीवर पलटायला एवढा वेळ घेतो की पीसी रीस्टार्ट होतो, मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते लावलं तर बरा, पण मग आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की तो दर दोन मिनिटांनी टक टक करत बॅटरीवर जातो. नको तेच.

आर्थिंग तपासा, हे कळकळीने सांगतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, मला वाटलं पीसीतच काही आहे. वायरमन आला, म्हणाला जांभ्याच्या कातळात घर आहे, नळी पुरलीये ती कोरड्यात. खड्डा काढून मीठ-कोळसा घालून नवीन आर्थिंग केलं, मुंग्या गेल्या.

पॉवर सप्लाय गेला तो मात्र पालीमुळे. ओळखीचा तसला वास आला, उघडून बघितलं तर बिचारी आत चिकटलेली. आता मागच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, हवा थोडी कमी जाते पण चालतंय.

खारी हवा हा वेगळाच विषय. पावसात चार दिवस पीसी बंद राहिला की पाचव्या दिवशी तीन बीप आणि डिस्प्ले नाही. रॅम काढायची, सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने घासायचे, ब्रशने कचरा झटकायचा, परत लावायची, चालू. आजी म्हणते हे तुझं बूड घासणं रोजचंच. म्हणून आता पावसात रोज तासभर तरी चालू ठेवतो, आणि टेबलाखालच्या कप्प्यात झिरोचा बल्ब लावून ठेवलाय, फोटोग्राफर लोक कॅमेऱ्याच्या कपाटात लावायचे तसा.

आता मॅप, जो खरा आवडीचा भाग.

आधीचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे लीक, मॅपला बाहेरच्या पोकळीत उघडणारी फट. कंपाइल केलं की व्हिस चालायचंच नाही आणि गेममध्ये सगळं बिनसावलीचं, ट्यूबलाईट लावल्यासारखं. पॉइंटफाइल लोड केली की हॅमरमध्ये एक लाल रेघ दिसते, मॅपमधून बाहेरच्या पोकळीत जिथून वाट मिळते तिथपर्यंत जाणारी. माझी रेघ निघाली विहिरीपासून, काकांच्या घरात शिरली, माजघरातून वर गेली आणि कौलांतून आभाळात. आठ दिवस कौलं तपासली, कुठे फट नाही. मग डोक्यात उजेड पडला की कौलांचे पॉली (इंजिनला काढावे लागणारे तुकडे) कमी करायला म्हणून मीच सगळं छप्पर फंक_वॉल नावाची एन्टिटी केलं होतं, आणि एन्टिटी केलेला ब्रश (एडिटरमधला ठोकळा) मॅप सील करत नाही, कंपायलरच्या लेखी तिथे छप्परच नाही. वरून स्काय टेक्स्चरचा साधा ब्रश घातला, लीक बंद.

दुसरं व्हिस. पाणंद सरळ ठेवली होती, आमच्या खऱ्या पाणंदीसारखी, देवळापासून थेट बंदरापर्यंत. वरच्या टोकाला उभं राहून आर_स्पीड्स कमांड लावली तर डब्ल्यूपॉली (एका वेळी काढायचे मॅपचे पॉली) १४०० च्या वर, कारण इंजिन तिथून दिसू शकेल ते सगळं काढत बसतं. बरेच उपाय केले, हिंट ब्रश (व्हिसला मॅप कुठे तोडायचा ते सांगणारे) घातले, फारसा फरक नाही. आणि एक दिवस पाहुण्यांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या बगलेत वळून आत जावं लागतं, गोमुखी बांधणी. १६६४ ला काम सुरू झालेला किल्ला, तोफेचा गोळा थेट दारावर बसू नये म्हणून केलेली युक्ती, आणि मी होडीत बसून विचार करतोय की अरे हे तर व्हिस ब्लॉकिंग आहे! घरी येऊन पाणंदीला मधोमध तसंच वळण दिलं, एक गडगा आडवा, दुसरा त्याच्यामागून. डब्ल्यूपॉली ७०० वर आलं. व्हिस नवीन मशीनवर बारा मिनिटं घ्यायचं ते दोन मिनिटांवर. म्हणजे प्रोसेसरवर घातलेल्या पैशाने वेळ जेवढ्या पट कमी झाला जवळपास तेवढ्याच पट एका वळणाने झाला, हे लिहिताना जरा जीवावर येतंय.

गडग्याची उंची ठरवायला पण बरीच मारामारी झाली. प्लेअर ७२ युनिट उंच, साधी उडी ४५, क्राउच जंप ६३. म्हणून देवळाकडचा गडगा ५६ ठेवलाय, बसून उडी मारता येणाऱ्यालाच ओलांडता येतो, आणि बंदराकडचा ८०, तिथे पेटीवर चढूनच. पायऱ्या १८ च्या आत, नाहीतर माणूस अडतो.

जांभ्याचं टेक्स्चर स्वतःच्या घराच्या भिंतीचा फोटो काढून केलं. २५६ बाय २५६, आणि एका टेक्स्चरला फक्त २५६ रंग. लाल छान उतरला, पण फोटो पावसातला, चिऱ्यांवर शेवाळ होतं, आणि तो हिरवा कमी रंगांत असा फाटला की भिंतीवर कोणी पुदिन्याची चटणी फेकलीये असं वाटावं. पावसाळा संपला की कोरड्या भिंतीचा नवीन फोटो काढणार. आभाळात मालवण जेट्टीवरून दिसणारा किल्ला घालायचा होता, पण स्कायच्या सहा चित्रांतलं प्रत्येक २५६ चंच, त्यात किल्ला म्हणजे तपकिरी रेघ. ब्रशने बांधावा तर मॅपची हद्द एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ८१९२ युनिट, इंचाने धरलं तर दोनशे मीटर, आणि किल्ला किनाऱ्यापासून त्याहून लांब. रेघ राहू दिली.

बॉम्बसाइट (गेममध्ये बॉम्ब ठेवायची जागा) ए मासळीच्या लिलावाची शेड. बी आधी देवळाचा सभामंडप होता. काकीने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "मेल्या, देवळात बॉम्ब ठेवतंस? देवाक तरी सोड रे." बी आता बर्फाच्या कारखान्यात आहे.

चतुर्थीला आरती आटपली की पडवीत लॅन, सगळी मशीनं वायरने जोडून. जुना आय३ सर्व्हर झाला, त्यावरच एचएलटीव्ही (मॅच प्रेक्षक म्हणून बघायचा आणि टिपायचा प्रोग्राम) पण चालवला, कारण आपला डेमो फक्त आपल्या डोळ्यांनी दिसतो, एचएलटीव्हीच्या डेमोत कोणाच्याही मागे जाता येतं. नऊ लॅपटॉप, माझा पीसी, आठ पोर्टचा स्विच पुरला नाही म्हणून दुसरा शेजारून आणला. पहिल्याच राउंडला दोघं सुरू होताच मेले. मी प्रत्येक बाजूला चारच स्पॉन (खेळाडू उगवायच्या जागा) ठेवले होते आणि आम्ही पाच-पाच होतो, पाचवा दुसऱ्याच्या अंगावर उगवायचा. जेवणाच्या सुट्टीत स्पॉन वाढवून परत कंपाइल केलं आणि तिथे पुढची चूक, नाव तेच ठेवलं. मग अर्ध्या जणांना तुझा मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे असा एरर. आता प्रत्येक बिल्डला नवीन नाव, बी१, बी२, बी३, आणि जुन्या बीएसपी (कंपाइल झालेल्या मॅपच्या फाइली) पुसायच्या नाहीत, जुने डेमो त्याच फाइलवर चालतात.

वॅडचंही (टेक्स्चर ठेवायची वेगळी फाइल) तसंच झालं. माझ्या मशीनवर सगळं छान, दुसऱ्याकडे वॅड सापडत नाही म्हणून गेम बंद. टेक्स्चर बीएसपीतच कोंबायचं, कंपाइलच्या एचएलसीएसजी या पायरीला वॅडइन्क्लूड लावून. फाइल थोडी फुगते पण एकच फाइल द्यायची, पेनड्राइव्हवरून सगळ्यांना पाच मिनिटांत वाटून झाली.

लॅनचा आठ मिनिटांचा व्हिडिओ केला, १४४० पी ला मोठा करून चढवला कारण यूट्यूब १०८० वाल्याला भिकार कॉम्प्रेशन देतं आणि १४४० ला व्हीपी९ (त्याहून चांगलं कॉम्प्रेशन) मिळतो, स्मोक आणि कौलं चिखल होत नाहीत. ३ जीबी, अपलोड १० एमबीपीएस, चाळीस मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला लाईट गेली. पीसी यूपीएसवर होता, राउटर नव्हता.

राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मागवलाय. बी४ मध्ये बंदराकडची शिडी आणि तो चटणीवाला चिरा, शिमग्याला परत लॅन.