पिशवी आणि डबी

आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजातून, आजाऱ्याच्या घरी भेटीला जाताना दोन वस्तू बरोबर असतात. एक शिध्याची पिशवी आणि दुसरी ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे चर्चच्या उपासनेत पवित्र केलेल्या भाकरीची, छोटी गोल डबी, गळ्यात अडकवलेल्या कापडी बटव्यात. पिशवी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या पैशांतून भरलेली असते. हे पैसे साप्ताहिक सभेत बंद पिशवी फिरवून जमतात, कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. डबी घेऊन जाणाऱ्याला फादरांनी नेमलेलं असतं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी ही संस्था सुरू केली. घरभेटीला दोघांनी मिळून जायचं, हा तिचा जुना शिरस्ता. तो किती कामाचा आहे, ते वसई धर्मप्रांतातल्या नालासोपाऱ्याच्या एका चाळीत एका रविवारी दिसलं.

कुटुंब मूळचं जालना जिल्ह्यातलं. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. कर्ता माणूस रिक्षा चालवायचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दर वेळी चार तास डायलिसिस सुरू झालं आणि रिक्षा सुटली. मुलगी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला येईनाशी झाली, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी चौकशी केली. नळाला पाणी यायची वेळ आणि वर्गाची वेळ एकच होती आणि भरायला दुसरं कोणी नव्हतं. तिथून हे घर आमच्या यादीत आलं.

भेटी रविवारी दुपारी ठरतात, कारण आमचे बहुतेक सभासद आठवडाभर चर्चगेटच्या लोकलने नोकरीला जातात. डायलिसिसच्या रुग्णासाठी मात्र हाच वार सर्वांत अवघड. शुक्रवारी रक्त शुद्ध झालं की पुढची पाळी सोमवारी. एरवी मध्ये एक दिवस जातो, इथे दोन. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं आणि पोटॅशियमही चढत राहतं. पाय सुजतात, पाणी फुप्फुसांपर्यंत पोहोचलं तर आडवं पडता येत नाही.

आम्ही दारात पोहोचलो तेव्हा भाऊ खाटेच्या कडेला हात टेकून पुढे वाकून बसले होते. एक वाक्य पुरं करायला तीनदा श्वास घ्यावा लागत होता. उशाशी सोललेल्या शहाळ्याची दोन रिकामी कवचं होती. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं आणि केळी न्यायची, ही वसईतली जुनी माया. शेजारच्या काकूंनी तीच केली होती. पण एका शहाळ्यात पाव लिटरच्या आसपास किंवा जास्तच पाणी असतं आणि पोटॅशियम भरपूर. ज्याला डॉक्टरांनी चहा, आमटी, पेज, सगळं धरून दिवसाला पाऊण-एक लिटर आखून दिलेलं असतं, त्याचा निम्मा वाटा तिथेच संपतो. चढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते बिघडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही.

अशा वेळी आधी प्रार्थना म्हणावी, ख्रिस्तप्रसाद द्यावा, मग पुढचं पाहावं, असं मनात येणं साहजिक आहे. आजीही तेच म्हणत होत्या. पण धापा टाकणाऱ्या माणसाला काहीही गिळायला द्यायचं नसतं, घोटभर पाणीसुद्धा नाही. १०८ ला फोन लावला. भाऊंना निजवलं नाही, पाय खाली सोडून ताठ बसवून ठेवलं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबणार हे दिसत होतं, म्हणून चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीतच बसवून त्यांना बाहेर आणलं. स्ट्रेचरवर आडवं केलं असतं तर श्वास आणखी कोंडला असता. उचलताना डावा हात मोकळा ठेवायला सांगावं लागलं. त्या हातात फिस्चुला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडलेली जागा. तिथे बोट ठेवलं की थरथर लागते. तो हात आवळायचा नाही, त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, सलाईन लावायचं नाही. प्रार्थनेत कोणी कळवळून तो हात घट्ट धरतं, तेही टाळायचं. ती जोडणी गुठळी होऊन बंद पडली तर नवी करून वापरायोग्य व्हायला आठवडे, कधी महिने जातात.

इथे दोघे असण्याचा उपयोग झाला. ख्रिस्तप्रसादाची डबी रिक्षात, औषधाच्या दुकानात, इस्पितळाच्या रांगेत फिरवायची नसते. चर्चमधून थेट आजाऱ्याकडे आणि उरलं तर थेट परत मंजूषेत, म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या पेटीत. एकाने डबी चर्चमध्ये परत नेली आणि फादरांना निरोप दिला. दुसरा वहिनींबरोबर रुग्णवाहिकेत चढला, हातात भाऊंची फाइल.

फाइलचं महत्त्व घरच्यांना कितीही सांगितलं तरी कमीच. अनोळखी डायलिसिस केंद्र तीन गोष्टी आधी विचारतं. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्हीचे अलीकडचे रिपोर्ट, कारण त्यावरून मशीन ठरतं. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, कारण त्यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं. आणि शेवटच्या डायलिसिसचा कागद. यांतलं काही सापडलं नाही तर नव्याने तपासणी होईपर्यंत ताटकळावं लागतं. वहिनींनी सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावून खिळ्याला टांगलं होतं. त्यांच्या या टापटिपीमुळे त्या दिवशी मोलाचा वेळ वाचला. भाऊंना अतिदक्षता विभागात घेऊन तातडीने डायलिसिस सुरू झालं.

संध्याकाळी फादर पवित्र तेल घेऊन आले आणि आजींनी दाराशीच पदर तोंडाला लावला. ‘शेवटचं तेल’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडलेलं. तेल घेऊन फादर आले म्हणजे आशा सोडायची, असा अर्थ घरोघरी बसला आहे. याच भीतीने लोक फादरांना इतक्या उशिरा बोलावतात की आजारी माणूस शुद्धीवरच नसतो, त्याला ना शब्द ऐकू येतात ना आमेन म्हणता येतं. हा संस्कार गंभीर आजाराचा आहे, केवळ मरणाचा नाही. माणूस बरा होऊन पुन्हा आजारी पडला किंवा तोच आजार बळावला, तर पुन्हा घेता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सोपा केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात असं एकेका इंद्रियाला तेल लावत, आता कपाळ आणि दोन्ही तळवे. फादरांनी आजींना बाकावर शेजारी बसवून हे सगळं सावकाश सांगितलं आणि त्यांची मान हलल्यावरच ते आत गेले. ती पाच मिनिटं मला त्या विधीचाच भाग वाटतात.

आत मेणबत्ती लावायची नव्हती. ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी ज्योत नको, हे कोणी बजावायची वाट पाहू नये. फादरांनी आधी नर्सबाईंना विचारलं, हात धुतले आणि छोट्यात छोटा विधी केला. उजव्या हाताला सलाईन, डाव्याला फिस्चुला. अडचण असेल तिथे केवळ कपाळाला तेल लावलं तरी संस्कार पुरा होतो. इथे तळव्यांना अंगठा टेकवण्यापुरती जागा होती, तेवढंच केलं. तेल पुसलेला कापूस इस्पितळाच्या कचऱ्यात न टाकता बरोबर नेला, तो जाळतात. ख्रिस्तप्रसाद त्या दिवशी दिला नाही.

तो भाऊ वॉर्डात आल्यावर दिला. तेव्हा भाऊंनी संकोचून सांगितलं, “आत्ताच नाष्टा झालाय, आज नको.” ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्यांना आणि वृद्धांना लागू नाही, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. महिनोन्‌महिने ते याच समजुतीने मागे राहत होते, कारण गोळ्यांमुळे त्यांना थोड्या थोड्या वेळाने खावं लागे. प्रसादाचा लहानसा तुकडा मोडून दिला, वर चमचाभर पाणी, आणि तो चमचा वहिनींनी पाण्याच्या वहीत लिहिला. मग वहिनींनाही दिला. उशाशी बसणाऱ्याला विचारायचं राहून जातं. तिचाही रविवार बुडालेला असतो, हे भेटीला जाणाऱ्याने धरूनच चालावं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पिशवी आणि तेल या दोन्ही गोष्टी आहेत. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, उघड्या-उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा, पोटभर खा’ म्हणून काय उपयोग? आणि पाचव्यात सांगतो, कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. एकच पत्र, एकच मंडळी. दुसऱ्या शतकात संत जस्टिनने रोममधल्या रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे, त्यातही डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, गैरहजर असलेल्यांकडे प्रसाद घेऊन जातात आणि त्याच सभेतली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांच्यासाठी जाते. म्हणून पिशवी आणि डबी एकाच दारात न्यावी, असं माझं ठाम मत आहे. पण पिशवी ही डबीची किंमत होता कामा नये. मिस्साला येता का, हे विचारून तांदूळ द्यायचा नाही. त्याच चाळीतल्या ख्रिस्ती नसलेल्या दोन घरांना तसाच शिधा जातो आणि तिथे आम्ही डबी नेत नाही.

पिशवीत काय असावं, हे मात्र बदलावं लागलं. नेहमीचा शिधा म्हणजे तांदूळ, गव्हाचं पीठ, तूरडाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, मीठ आणि बिस्किटं. घरातल्या इतरांना तो ठीक आहे. भाऊंच्या वाट्याचा गूळ आणि शेंगदाणे काढले. मीठ कमी हवं म्हणून एका दात्याने प्रेमाने ‘लो सोडियम’ मीठ आणून दिलं होतं, ते परत केलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं आणि या रुग्णाला तेच घातक. त्याऐवजी अंडी दिली, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात आणि ती भरून काढावी लागतात. पांढरं किती, पिवळं किती, ते आहारतज्ज्ञ सांगतात. भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, हे वहिनींना केंद्रातल्याच बाईंनी करून दाखवलं.

शिध्याने महिना निघतो, आजार निघत नाही. घरच्यांची समजूत होती की जालन्याचं केशरी रेशनकार्ड इथे चालत नाही. कार्ड प्राधान्य गटातलं होतं, माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांचं २५ किलो धान्य मोफत, आणि ते कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून मिळतं. अडलं होतं ते ई-केवायसीवर. आजींच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते, ते दुसऱ्या बोटांनी आणि हात धुऊन पुसून जमवावं लागलं. त्याच कार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण योजनेतल्या इस्पितळातच, आणि तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, आधी नोंद करून. भाऊंचं रेशनकार्डावर घरचं नाव आणि आधारवर बाप्तिस्म्याचं, त्यामुळे पहिला अर्ज परत आला. आधी नावं जुळवून घेतली, मग योजना लागू झाली. इंजेक्शनं, तपासण्या आणि रिक्षाभाडं यांचा भार उरतोच. त्यातलं भाडं आमच्या कॉन्फरन्सने, म्हणजे व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या आमच्या शाखेने, उचललं.

धर्मशिक्षणाच्या बाईंनी मुलीसाठी वर्ग शनिवारी संध्याकाळी घेतला, चाळीतली आणखी चार मुलं त्यात आली. आणि भेटीचा वार बदलला. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांकडे मंगळवारी किंवा गुरुवारी जायचं, मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांकडे बुधवारी किंवा शुक्रवारी. डायलिसिसच्या दिवशी नाही, कारण रक्तदाब उतरलेला असतो आणि माणसाला फक्त झोप हवी असते. निवृत्त झालेले सभासद आठवड्याच्या मधल्या भेटी करतात. रविवारी दुपारी त्या घरी कोणीतरी फक्त फोन करतं आणि दोनच प्रश्न विचारतं: रात्री उशी एक लागली की तीन, आणि आज किती पाणी झालं.