करीचा पाऊस आणि जुनी पीएस-टू

आज पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. काल पोळा फुटला तोही पावसातच, झुली भिजून बैलांच्या अंगाला चिकटल्या होत्या. रात्रभर पाऊस थांबला नाही आणि सकाळी पाहिलं तर शाळेमागच्या आखाड्यात पाणी साचलेलं. आमच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती एकदा भिजली की माणसाचा पाय सोडत नाही. करीची दंगल पुढे ढकलली. बाबा सकाळपासून तीनदा आखाड्यापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या खेपेला आले ते छत्री दारात ठेवून खाटेवर बसले आणि कोणाशी बोलले नाहीत. करीला कुस्ती नाही, हे त्यांना सहन होत नाही. मलाही होत नाही.

पोट्टे कंटाळले होते. दादाचा मुलगा आणि मुलगी दोघंही सणाला आलेत. मग माळ्यावरून पीएस-टू काढली, टीव्हीला जोडून गेम खेळायचं जुनं प्लेस्टेशन. कॉलेजात असताना अमरावतीत एका मित्राकडून जुनीच विकत घेतलेली. फडक्यात बांधून ठेवली होती, म्हणून वाचली. सीडी एकच धड उरली आहे, पण उरायला हवी होती तीच उरली: 'स्मॅकडाउन! हिअर कम्स द पेन'. २००३ सालचा डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीचा गेम, जपानच्या यूक्स कंपनीने बनवलेला. वेष्टनावरचा मल्ल ब्रॉक लेस्नर आता फिका पडलाय.

पहिली कुस्ती पुतण्याने लावली, हलका रे मिस्टेरिओ विरुद्ध अवाढव्य बिग शो. बाबा खिडकीकडे तोंड करून बसलेले. पुतण्या बिग शोला उचलायला गेला आणि मिस्टेरिओला काही तो उचलला जाईना. "काका, बटन खराब हाय का?" बटन चांगलं होतं. या गेममध्ये वजनाचा हिशेब ठेवलाय. हलका मल्ल भारी मल्लाला वाटेल तसा उचलून आपटू शकत नाही. त्याने पळायचं, दोरावरून उडी मारायची, पाय धरायचे. हे मी सांगत होतो तेवढ्यात बाबांनी मान वळवली. "बरोबर हाय. एवढ्या गड्याले उचलायले जाते का कोणी? पट काढ त्याचा."

तिथून पुढे ते खाटेवरून उठून आमच्यात येऊन बसले.

मला हा गेम का आवडतो ते इतक्या वर्षांत नीट कोणाला सांगता आलं नव्हतं. आज बाबांच्या शेजारी बसून पाहताना ते कळलं. पडद्यावर प्रत्येक मल्लाच्या नावापाशी माणसाची एक छोटी आकृती असते. डोकं, धड, हात, पाय. जिथे मार बसेल तो भाग रंग बदलत जातो, आणि शेवटी लालभडक होतो. बाबांनी बोट ठेवून विचारलं, "हे लाल काय हाय?" मी म्हटलं, पाय दुखावलाय त्याचा. ते काही वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग डावा खांदा चोळत म्हणाले, "म्हणजे आता त्यानं पायच धराचा." बाबांचा तो खांदा एका इनामी कुस्तीत निखळला होता. मी लहान होतो. पुढच्या दंगलीत समोरच्या गड्याने हात मिळवतानाच तो खांदा हेरला आणि पूर्ण कुस्तीभर त्याच बाजूने घिस्सा मारत राहिला. बाबांनी ही गोष्ट मला शंभरदा सांगितली असेल. कुस्ती म्हणजे समोरच्याच्या अंगात काय दुखतंय ते हेरणं. यूक्सच्या माणसांना हे ठाऊक होतं. दमसासाची एक पट्टी दाखवून त्यांचंही भागलं असतं, पण त्यांनी अंगाचा एकेक भाग मोजला.

कर्ट अँगल घेऊन खेळलं की हे सगळ्यात चांगलं दिसतं. हा खरा कुस्तीगीर, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधलं सुवर्ण आहे त्याच्याकडे. मी त्याला घेतलं की आधी दहा मिनिटं फक्त पाय झोडपायचो. मग घोटा पिरगाळायचा. पडद्यावर दोघांची रस्सीखेच सुरू होते, दोघांनी बटनं बदडायची, आणि पाय आधीच लाल असला की समोरचा हार मानून हात आपटतोच. पकडीही चार तऱ्हेच्या आहेत: झटपट, ताकदीची, त्या मल्लाची खास आणि सांधा पिरगाळायची. बटन एकच, दिशा बदलली की पकड बदलते. पुतण्याला पाच मिनिटांत जमलं. इतकं सोपं आणि इतकं खोल, असं मला नंतरच्या गेममध्ये सापडलं नाही.

पण एका गोष्टीवर बाबा अडले. मिस्टेरिओने बिग शोला दाबलं, पंचाने एक, दोन म्हटलं आणि बिग शो उसळून उठला. बाबा चिडले. "काहून उठला? पाठ टेकली ना त्याची! कुस्ती संपली." मी सांगितलं की यांच्यात तीनपर्यंत मोजतात. "मातीत मोजत नाही. दोन खांदे लागले की चीत." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मातीतला मल्ल पाठ वाचवण्यासाठी मान मोडेपर्यंत पुलावर, म्हणजे डोकं आणि पायांवर अंग तोलून, राहतो, कारण पाठ एकदाच लागते. या गेममध्ये पाठ वीसदा लागते, म्हणून तिची भीती मरते. तरी दोन आणि तीनच्या मधला तो क्षण, आपला अंगठा बटनावर दुखेपर्यंत आपटत असतो तो, मला फार प्रिय आहे. पुढच्या दोनच्या वेळी बाबांनीही श्वास धरला होता, मी पाहिलं.

कच्चे दुवे आहेत, आणि ते मला टोचतात. समालोचन नाही. आधीच्या गेममध्ये होतं, यातून काढून टाकलं. कर्ण्यावरून मल्लांची नावं पुकारल्याशिवाय, इनामाची बोली चढल्याशिवाय दंगल कशी वाटेल? तसंच वाटतं हे. प्रेक्षक ओरडतात, पण कुस्ती कोणी सांगत नाही. सीझनमध्ये, म्हणजे वर्षभराच्या गोष्टीसारख्या चालणाऱ्या खेळात, मल्ल तोंड हलवतात आणि शब्द नुसते खाली लिहून येतात. पहिलं वर्ष जीव लावतं, भांडणं, मैत्री, दगा, आपण काय उत्तर दिलं त्यावर पुढचं फिरतं. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच गोष्टी पुन्हा भेटायला लागतात. जोडीच्या कुस्तीत साथीदार नको तेव्हा आत येतो आणि हवा तेव्हा कोपऱ्यात उभा राहतो. अवघड पातळीवर संगणक प्रत्येक डावाला उलटडाव करतो, तिथे डाव राहत नाही, नुसतं बटन राहतं.

आणि एक गोष्ट मला आज फार लागली. पुतणी आठवीत आहे, गावच्या व्यायामशाळेत जाते, यंदा करीला तिची पहिली कुस्ती लागणार होती. तिने ट्रिश स्ट्रॅटस निवडली आणि कुस्त्यांचे प्रकार चाळायला लागली. त्यात बायकांसाठी एक प्रकार आहे, समोरचीचे कपडे फाडायचे म्हणजे जिंकलं. मी घाईने पुढे सरकवलं. कॉलेजात आम्ही पोरं त्यावर हसत होतो, तेव्हा त्यात मला काही वाटलं नव्हतं. आज मागे बाबा, शेजारी लंगोट-जांघियाच्या गोष्टी ऐकत वाढलेली पोरगी, आणि पडद्यावर ते. ज्या गेमने पुरुषाच्या घोट्याचा इतका बारीक हिशेब ठेवला त्याने बाईच्या कुस्तीची ही किंमत केली. याला जमाना तसा होता म्हणून मी सोडणार नाही. २०१६ ला साक्षी मलिकने रिओत कांस्य घेतलं तेव्हा ही पोरगी लहान होती, पण आम्ही घरात टीव्हीपुढे उभे राहिलो होतो हे तिला आठवतं.

तिने काही विचारलं नाही. नवा मल्ल बनवायच्या भागात गेली आणि स्वतःची एक पैलवान बनवायला बसली. खांदे रुंद केले, केस मागे बांधले. डाव निवडताना एकेक डाव बाबांना दाखवून विचारत होती, "आबाजी, हे कशासारखं हाय?" बाबा सांगत होते, ही आपली टांग, हे ढाकेच्या जवळचं, हे आपल्यात नाही. एका डावावर ते म्हणाले, "हे लबाड हाय, खरं लागत नाही," आणि तिने तो काढून टाकला. चांगला तासभर हेच चाललं होतं, कुस्ती एकही झाली नाही.

साडेपाचला लाईन गेली. मी आधीच मेमरी कार्डावर साठवायला लावलं होतं. आठ एमबीचं ते काळं कार्ड, २००७ मध्ये साठवायला विसरलो आणि लाईन जाऊन माझा पूर्ण सीझन गेला होता, ते अजून विसरलो नाही. अंधारात बाबांनी तिला समोर उभं केलं, हात मिळवायला लावले आणि म्हणाले, "आता माह्या डाव्या खांद्याकडं पाहू नको. पायाकडं पाह्य."

पाऊस आता कमी झालाय. उद्या उघडलं तर आखाडा उपसायला सकाळी सहाला जायचं आहे.