कॅट परत बसवला, तरी पीयूसीत नापास

स्क्रीनवर ‘फेल’ आलं की पीयूसीवाल्याचं निदान तयारच असतं. ‘साहेब, कॅट गेलाय तुमचा. नवीन टाका.’ माझा कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला नव्हता. नुकताच बसवून घेतला होता आणि व्यवस्थित चालतोय याचा पुरावा माझ्या मोबाइलमध्ये होता. पण ऐकतो कोण!

गाडी २०१६ची पोलो जीटी टीएसआय, खारघरच्या एका मुलाकडून घेतलेली. त्यानं तिला ‘स्टेज टू’ केलं होतं, म्हणजे कॅटवाला डाउनपाइप (टर्बोला जोडलेला धुराचा पाइप) काढून जागी सरळ पाइप, मागे अडीच इंची सायलेन्सर आणि या सगळ्याला साजेसा रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बदललेली सेटिंग. व्यवहार ठरवताना मी एकच हट्ट धरला: मूळ डाउनपाइप कॅटसकट मिळाला तरच पैसे. गोणपाटात गुंडाळलेला तो डिकीत टाकून घेतला तेव्हाच टोकन दिलं. याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतो, कारण बहुतेक गाड्यांचा कॅट तोवर भंगारात गेलेला असतो. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे भंगारवाला तो हसत हसत उचलतो आणि नवीन घ्यायला गेलात की किंमत ऐकून घाम फुटतो. तुम्ही स्वतः कॅट काढणार असाल तर निदान तो गॅरेजवाल्याकडे ‘ठेवायला’ देऊ नका.

परत का बसवला? गाडी ठाण्याला माझ्या नावावर करायची तर चालू पीयूसी हवी, हे एक कारण. दुसरं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असले फेरफार चालत नाहीत आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण खरं कारण घोडबंदर रोडवरच्या गायमुखचा ट्रॅफिक. काच खाली करून अर्धा तास उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, शर्टाला पेट्रोलचा वास. आणि मिळतं काय त्या बदल्यात? मूळच्या १०५ पीएसच्या गाडीत जो जोर जाणवतो तो बहुतेक रीमॅपचाच. कॅट काढून वर जे मिळतं ते पाम बीचच्या सिग्नलवर मित्राला सांगण्यापुरतं. माझं मत आहे, भांडायला येऊ नका.

बसवणं सोपं झालं. टर्बोजवळचे गंजलेले नट थोडे रडले, गास्केट नवीन टाकलं. रीमॅपवाल्यानं स्टेज वनची, म्हणजे कॅट जागेवर असताना चालणारी, फाइल परत भरली आणि कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची देखरेख पुन्हा चालू केली. हे विसरू नका. स्टेज टूमध्ये ती बंद केलेली असते, मग कॅट असो नसो, चेक इंजिनचा दिवा लागतच नाही. मूळ डाउनपाइपचं तोंड लहान आणि मागचा पाइप अडीच इंची, म्हणून रबाळे एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून मध्ये रिड्यूसर, म्हणजे लहान-मोठे पाइप जोडणारा तुकडा, करून घेतला. घोडबंदरवर चक्कर मारली, गाडी गप्प, वास नाही. खूश होऊन पंपावरच्या पीयूसीला गेलो.

नापास.

बीएस फोर पेट्रोल गाडीची चाचणी दोन भागांत होते. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्यापर्यंत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतं. मग साधारण २५०० आरपीएमवर धरून सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. लॅम्डा म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे अगदी बरोबर, त्याच्या वर म्हणजे हवा जास्त. माझा सीओ जवळपास शून्य, हायड्रोकार्बन अगदी किरकोळ. लॅम्डा मात्र १.१६. ‘कॅट गेलाय.’ मी म्हटलं, अहो, कॅट गेला असता तर सीओ वर गेला असता, इथे तर तो दिसतच नाहीये. तर म्हणे, मशीन खोटं बोलत नाही.

दुसऱ्या पंपावर तेच. तिथला पोरगा जास्त प्रेमळ होता. ‘दादा, कशाला टेन्शन घेता? नळी त्या वॅगन-आरला लावतो, फोटो तुमच्या नंबरप्लेटचा. वरचे काय ते बघून द्या.’ मागे रांगेत उभे असलेले काका पण म्हणाले, घेऊन टाका हो, सगळे घेतात. राग त्याचाच आला. जी गाडी धूर ओकतेय तिला पाच मिनिटांत कागद, आणि मी खर्च करून कॅट परत लावला तर मला रांगेत अडवून शिकवणी. मी नाही म्हटलं आणि निघालो. तत्त्व वगैरे जाऊ दे, एवढं करून वॅगन-आरच्या धुरावर पास व्हायचं? जमलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी ऑपरेटर नळीचं टोक जेमतेम चार बोटं आत घालून मोबाइल बघत बसला. प्रोब निदान एक फूट, म्हणजे ३०० मिलिमीटर आत जायला हवा, नाहीतर बाहेरची हवा ओढली जाते आणि लॅम्डा चढतो. सांगितल्यावर तोंड वाकडं करून घातला आत. लॅम्डा थोडा उतरला, पण पास नाहीच. ॲक्सिलेटरवरही त्याचा पाय कधी दोन हजारांवर, कधी तीनवर. शेवटी मीच आत बसून काटा धरला. तरी नापास. रांगेतल्या रिक्षावाल्यांचे हॉर्न सुरू.

तेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवरचे बाकीचे आकडे नीट पाहिले. तुम्हीही ते बघा, पीयूसीवाला बघत नाही. धडधाकट पेट्रोल इंजिनात सीओटू १४-१५ टक्के आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली असतो. माझा सीओटू तेराच्याही खाली आणि ऑक्सिजन तीनच्या आसपास. मशीनमधला लॅम्डा हा सीओ, सीओटू, हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन यांच्यावरूनच काढतात. आणि मोबाइलवर ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) ॲप दाखवत होतं की पुढच्या सेन्सरवर लॅम्डा १.०० आहे, मागच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.७ ला जवळजवळ स्थिर आहे. कॅट मेलेला असता तर मागचा सेन्सर सारखा वरखाली नाचला असता. म्हणजे इंजिन बरोबर, कॅट बरोबर, आणि कॅटच्या मागे कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरतेय. धूर धक्क्याधक्क्यानं वाहतो, दोन धक्क्यांच्या मधे फटीतून हवा आत खेचली जाते. आवाजही येत नाही फारसा.

मी हे ऑपरेटरला सांगायला गेलो तर त्यानं पुढच्या स्कूटरला हात केला.

परत रबाळे. वेल्डर चाचांनी ऐकून घेतलं, गाडी रॅम्पवर घेतली. इंजिन गार होतं. मागच्या तोंडात फडकं कोंबून त्यातून हवेची नळी घातली आणि जोडावर साबणाचं पाणी मारलं. वरच्या बाजूला काही नाही. खालून टॉर्च मारला तर रिड्यूसरच्या शिवणीवर, जिथे वेल्डिंग टॉर्चचं टोक पोचायला अवघड, तिथे बारीक बुडबुडे. नखाएवढी जागा. चाचा स्वतःवरच चिडले, रिड्यूसर उतरवून टेबलावर पूर्ण गोल टिग वेल्डिंग मारून दिलं, वर क्लॅम्प बदलला. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

त्याच दुपारी पास. लॅम्डा १.०१. जाताना एक काळजी घेतली होती, ती तुम्हीही घ्या: घराजवळच्या पंपावर थंड गाडी नेऊ नका. कॅटला काम करायला साधारण २५०-३०० अंश लागतात. मी घोडबंदरवर वीस मिनिटं फिरवून नेली, एसी बंद केला आणि रांगेत इंजिन चालू ठेवलं. पेट्रोल जाळणं जिवावर येतं, पण रांगेत गाडी गार झाली की आकडे बिघडतात आणि पुन्हा ‘कॅट गेलाय’. कागद वर्षभराचा मिळाला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे नाव लागायला काहीच त्रास झाला नाही.

जुना कॅट परत बसवणार असाल तर आधी हातात धरून हलवा आणि रबरी हातोडीनं हलकेच ठोका. आत खुळखुळलं तर सिरॅमिकची जाळी फुटलेली आहे, तो बसवू नका, तुकडे मागे जाऊन सायलेन्सर तुंबवतात. दोन्ही तोंडांतून उजेडाकडे धरूनही बघा, जाळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. माझी दिसली होती, म्हणूनच पीयूसीवाल्याशी एवढा वाद घालू शकलो.