कॅस्ट्रीजचे ड्रॉइंग मास्तर

कॅरिबियनमधलं सेंट लुशिया म्हटलं की आपल्याकडे फार तर क्रिकेटपटू डॅरेन सॅमी आठवतो. नोकरीनिमित्त मी या बेटावर आलो आणि इथल्या एका चित्रकला-शिक्षकाच्या कामाने मला थेट, यंदा सुवर्णमहोत्सव असलेल्या आपल्या गावाकडच्या शाळेत, ड्रॉइंगच्या सरांच्या तासाला नेऊन बसवलं.

डन्स्टन सेंट ओमर त्यांचं नाव. १९२७ साली राजधानी कॅस्ट्रीजमध्ये जन्मले, २०१५ साली गेले. भेट कधी झाली नाही, याची हळहळ वाटते. त्यांचं काम मात्र बेटभर दिसतं. देशाचा झेंडासुद्धा त्यांचाच, १९६७ सालचा: निळ्या रंगावर काळा-पांढरा आणि सोनेरी त्रिकोण. समुद्रातून सरळ वर आलेले पिटॉन डोंगर ज्याने पाहिले, त्याला तो झेंडा समजावून सांगावा लागत नाही.

खरं पाहायचं ते रोझोच्या खोऱ्यात. केळीच्या बागांमधलं साधं चर्च, आणि वेदीमागे त्यांनी १९७३ साली रंगवलेलं भलंमोठं चित्र. मधोमध मेरी आणि बाळ येशू, दोघेही काळे. भोवती खोऱ्यातलीच माणसं: वाजवणारी, नाचणारी, राबणारी. बाकांवर प्रार्थनेला बसलेल्या बायका आणि भिंतीवरच्या बायका यांची चेहरेपट्टी एकच. पिढ्यान् पिढ्या गोऱ्या देवापुढे हात जोडलेल्या बेटावर हे करायला केवढी छाती लागली असेल! पुढे १९८६ साली पोप येणार म्हणून कॅस्ट्रीजचं कॅथीड्रलही त्यांनीच रंगवलं.

एवढा मोठा चित्रकार, पण कित्येक वर्षं शिक्षण खात्यात राहून शाळांमधून चित्रकला शिकवत राहिला. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. हे त्यांना मिळालं ते त्यांच्या गुरूकडून, हॅरल्ड सिमन्स यांच्याकडून. सिमन्सनी आपल्या स्टुडिओत दोन मित्रांना आपलंच बेट बघायला शिकवलं. एक सेंट ओमर. दुसरा डेरेक वॉलकॉट, ज्याला १९९२ साली साहित्याचं नोबेल मिळालं.

आपल्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांची रीत हीच होती. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्राला ‘बाजार’ हा विषय आला, की सर आम्हाला आधी खरंच आठवडी बाजारात न्यायचे. मासळीवाली उकिडवी बसून तराजू उचलते तेव्हा कुठला खांदा वर जातो, लुगडं गुडघ्यावर कसं ताणलं जातं, ते नीट बघा म्हणायचे. मग वर्गात येऊन आठवून काढायचं. कुणी दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढला, की कागद परत. “हा डोंगर कुठला रे? खिडकीतून दिसतो तो काढ.” परीक्षेत ग्रेड किती जणांना मिळाली, हे त्यांनी कधी मिरवलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे डॉक्टर झाली, गवंडी झाली, शेती करू लागली. पण बघायला सगळी शिकली.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी समितीला माझी एक विनंती आहे. सभागृहाची मागची भिंत यंदा चित्रासाठी द्यावी. रंगांचा, परांचीचा सगळा खर्च मी देतो. बाहेरून पेंटर आणू नये. आठवी-नववीच्या मुलांनी सुट्टीत काढावं. आणि त्या चित्रात आपल्या बाजारातली माणसं नावानिशी ओळखू आली पाहिजेत, एवढी एकच अट.