दीड फुटाची भिंत

उमरगा तालुक्यात घरांचे नकाशे काढून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. गिऱ्हाईक साठीच्या पुढचं असलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “दगडाचं नाव काढू नका बाई, दगडानंच मारलं आम्हाला.” यावर मी काय बोलणार? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं कोसळली तेव्हा मी शाळेत होते. त्यांनी ढिगारे उपसलेत.

तरी चहा झाल्यावर मी विषय काढतेच. मारलं ते बांधणीनं. आपली जुनी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. एक तोंड बाहेरून, एक आतून, मधे चिपा आणि माती. जाडी दोन-तीन फूट, पण दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा दगड शोधूनही सापडत नाही. हादऱ्यासरशी दोन्ही तोंडं सुटली, फुगली आणि निखळली. वर माळवदाच्या सपाट छताची माती, त्यात गळतंय म्हणून दर पावसाळ्याआधी आणखी चार पाट्या. कित्येक घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभेच राहिले आणि भिंती तेवढ्या पडल्या, हे जुनी माणसं आपणहून सांगतात. सांगून झालं की कॉलमच पाहिजेत म्हणतात.

भूकंपाच्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोची आयएस १३८२८ ही संहिता निघाली, दगड-विटांच्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी. मला ती शहाणी वाटते. दगड वापरू नका असं ती कुठंच म्हणत नाही. दगडी भिंत दीड फुटाहून जाड नको, म्हणते. (जाड ती मजबूत असं मानणाऱ्या गावात हे पटवायला अख्खी दुपार जाते.) उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत चार फुटांच्या आत भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला. आमच्याकडचा काळा दगड गोलमटोल, तेवढा लांब निघतच नाही. संहितेनं तेही धरलंय. आठ-दहा मिलिमीटरची सळई इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवून टाका, नाहीतर दीड इंची चौरस लाकडी दांडा, नाहीतर मधे एक सळई घालून ओतलेला काँक्रीटचा दोन इंची दांडा. जे मिळेल ते. भिंतीवरून घरभर फिरणारा, सगळ्या भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा अखंड पट्टा मात्र सोडायचा नाही.

गवंड्याजवळ काय असेल आणि काय नसेल, हे ठाऊक असलेल्या माणसानं लिहिलेला नियम असा असतो. याउलट भूकंपाच्या झोनचा नकाशा. त्यात १९९३ साली आपला भाग झोन १मध्ये, म्हणजे सगळ्यात निर्धास्त. २००२च्या आवृत्तीत किल्लारीचा परिसर झोन ३मध्ये आला.

आता सगळ्यांना कॉलम-बीम-स्लॅब हवा. त्याला माझी ना नाही, पण तो नीट करणारे हात कमी आहेत. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची असतात. साइटवर गेलं तर ती काटकोनात दुमडून मोकळी सोडलेली. मिस्त्री म्हणतो, “ताई, आजवर एक तरी पडलंय का?” पडायला भूकंप यावा लागतो, मामा. आणि मे महिन्यात त्या स्लॅबखाली दुपारी बसून दाखवावं कुणी.

सध्या एका शेतकऱ्याचं घर चालू आहे. म्हातारे पाडलेल्या वाड्याचा दगड फुकट द्यायला निघाले होते. बऱ्याच घासाघिशीनंतर पुढच्या दोन खोल्या दगडाच्या ठरल्या: दीड फुटी भिंत, सिमेंटचा माल, खिडक्यांच्या वर एक पट्टा आणि छताखाली एक. मागं स्लॅब, मुलाच्या हट्टानं. छताखालच्या पट्ट्याची सळई वाचवावी म्हणून मुलगा मला रोज फोन करतो. म्हाताऱ्यांनी काल त्याच्यासमोरच मला विचारलं, “किती लागती? मी देतो.”