पिकअपचा पिकअप गेला कुठं? व्ही-क्रॉस, मोठे टायर, पहिले २,१०० किलोमीटर

मंडळी, मागच्या नोंदीत म्हटलं होतं की जुने टायर घासून टक्कल पडलंय, बदलायला लागणार. बदलले. गाडी तीच, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, जुनं २.५ लिटरचं डिझेल, पाच गिअर, ४x४ (चारही चाकांना जोर). कंपनीचा साइझ २४५/७० आर१६, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची. मी घेतले २६५/७० आर१६, ऑल-टेरेन (डांबर आणि चिखल दोन्हीवर चालणारे). टायरवाला म्हणाला, "दादा, शोभून दिसतील." दिसतात, खोटं कशाला बोलू. पण शोभेचा हिशोब पंपावर होतो.

आधी कागदावरचं गणित. जुन्या साइझचा व्यास ७४९ मिलिमीटर, नव्याचा ७७७. म्हणजे २८ मिलिमीटरचा फरक, आणि खालून उंची वाढली त्याच्या निम्मी, १४. एवढा खटाटोप करून दीड सेंटिमीटरसुद्धा नाही! ज्यांना फक्त ग्राउंड क्लिअरन्स हवाय त्यांनी हे वाचून पैसे वाचवावेत. मला ग्रिप हवी होती. वेल्ह्याकडच्या शेतावर पावसाळ्यात शेवटचे चारशे मीटर निव्वळ चिखल असतो.

ओडोमीटर, म्हणजे आपला ओडो, ८६,४०० किलोमीटरवर. पहिली टाकी भरली, संपवली, हिशोब केला आणि पोटात गोळा आला. जुन्या टायरवर शेवटच्या तीन टाक्यांची सरासरी लिटरला ११.८ किलोमीटर होती, आता १०.४. सरळ बारा टक्के गेले. बायकोला सांगितलं नाही.

मग रात्री डोक्यात प्रकाश पडला. ओडोमीटर किलोमीटर मोजतच नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते आणि ओडोला त्याचा पत्ता नसतो. त्यात माझे जुने टायर झिजलेले. पाच मिलिमीटर रबर गेलं तर व्यास दहाने कमी होतो. म्हणजे खरी तुलना ७४९ विरुद्ध ७७७ नाहीच, ७३९ विरुद्ध ७७७ आहे. हा फरक पाच टक्क्यांचा.

नशिबानं टायर बदलण्याच्या आदल्या आठवड्यात एक्सप्रेसवेवर दगड मोजून ठेवले होते. ५० किलोमीटरच्या दगडांना तेव्हा ओडो ५०.६ दाखवत होता. नव्या टायरवर तेच ५० किलोमीटर म्हणे ४८.१. दुरुस्ती केली की जुना आकडा ११.८ वरून ११.६६ वर येतो, नवा १०.४ वरून १०.८ वर जातो. घट उरली साडेसात टक्क्यांच्या आत. बारा टक्क्यांतले जवळपास साडेचार टक्के ओडोच्या थापेचे होते. तेव्हा "मोठे टायर टाकले आणि मायलेज मेलं" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न एकच असेल: ओडोचा आकडा दुरुस्त करून हिशोब केलास का?

गंमत म्हणजे स्पीडोमीटर सुधारला. पूर्वी काटा ८० वर असताना जीपीएस ७५ दाखवायचा, आता ७९. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढं ठेवतात, ती सवलत टायरनं खाल्ली. आता काट्यावर ८० म्हणजे जवळपास खरे ८०, हे टोलच्या पुढच्या कॅमेऱ्याला बघून लक्षात ठेवायचं.

उरलेले सात टक्के मात्र खरेच गेले. भंगारवाल्याच्या काट्यावर जुना आणि नवा टायर ठेवला तर एका टायरमागे चार किलोंचा फरक. हे वजन चाकाच्या कडेला फिरतं, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला ते नव्यानं फिरवायला लागतं. वर जाड ठोकळ्यांचं रबर रस्त्यावर जास्त मुरडतं, गरम होतं, ती ऊर्जा डिझेलमधूनच येते. शहरात मार जास्त, हायवेवर कमी. नव्वदच्या वर मात्र टायरचा आवाज आणि वारा दोघंही गुणगुणायला लागतात.

ताम्हिणी घाटात खरी परीक्षा झाली. मोठं चाक म्हणजे सगळेच गिअर थोडे लांब झाले. त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. या इंजिनचा सगळा जोर १,८०० आरपीएमनंतर येतो, आणि चढावरच्या वळणात मी नेमका त्याच्या खाली सापडतो. जिथं तिसऱ्यात गाडी रेटून न्यायचो तिथं आता दुसरा टाकतो. फायनल गिअर (चाकांच्या आधीचा, आसावरचा शेवटचा गिअर) बदलणं हा खरा उपाय, पण ४x४ ला पुढचं-मागचं दोन्ही बदलायला लागतं, ते माझ्या खिशाला झेपणारं नाही. सध्या उजव्या पायाऐवजी डाव्या हाताला काम. ब्रेकही थोडा आधी दाबतो, भरल्या हौद्यानं उतरताना तर नक्कीच.

फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, रिव्हर्समध्ये मडगार्डच्या आतलं प्लास्टिक घासत होतं. हिटगननं गरम करून मागं दाबलं, काम झालं. स्टेपनीही त्याच साइझची घेतली. वेगळ्या व्यासाचं चाक लावून ४x४ टाकलं तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीची) वाट लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं) आणि विम्याची अटही टायर घ्यायच्या आधी वाचा, मी नंतर वाचली.

आता हवेचा प्रयोग चालू आहे. टायरवर खडूची आडवी रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. ३५ पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) रिकाम्या हौद्यानं मागच्या टायरची फक्त मधली पुसली गेली. उद्या ३२ करून बघतो, आणि पुढची टाकी त्याच पंपावर, त्याच नोझलला.