किल्केनीत संध्याकाळी गाइडबरोबर चालायचं असेल तर

आयर्लंडमधल्या किल्केनी या गावाची संध्याकाळची वॉकिंग टूर घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. या फेरीत जवळजवळ एकही दार उघडं मिळत नाही. किल्ला, सेंट कॅनिस कॅथेड्रल, रोथ हाऊस आणि सेंट मेरी चर्चमधलं मिडिव्हल माइल म्युझियम ही सगळी ठिकाणं साधारण दुपार सरता सरता बंद होऊ लागतात. त्यामुळे आतलं सगळं दिवसा पाहून घ्यायचं आणि संध्याकाळी त्याच दगडांपुढे रस्त्यावर उभं राहून त्यांची गोष्ट ऐकायची. क्रम उलटा केला तर गाइड ज्या बिशपबद्दल दहा मिनिटं बोलतो, त्याची कबर आपण पाहिलेलीच नसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडायची असते.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून किल्केनीला यायला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. मॅकडोना स्टेशनवर उतरून जॉन स्ट्रीटने खाली यायचं, नोर नदीवरचा जॉन्स ब्रिज ओलांडायचा, की डाव्या हाताला किल्ला दिसतो. सामान फार नसेल तर दहा-बारा मिनिटांची चाल आहे. मात्र त्याच दिवशी डब्लिनला परतायचा बेत करू नये. शेवटची गाडी लवकर निघते आणि टूर अर्धी सोडून स्टेशनकडे पळावं लागतं. इथे एक रात्र मुक्काम हवाच. मुक्कामासाठी मंगळवार ते गुरुवार हे दिवस चांगले. शुक्रवार-शनिवारी लग्नाआधीच्या पार्ट्या करणाऱ्यांचे घोळके आयर्लंडभरातून इथे येतात, खोल्या महागतात आणि हाय स्ट्रीटवर गाइडचा आवाज ऐकू येत नाही. जूनच्या सुरुवातीचा विनोदी कलावंतांचा महोत्सव आणि ऑगस्टमधला कला महोत्सव या काळातही तेच.

भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसाची एक गोष्ट सांगायला हवी. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. पॅरिस-रोमच्या सहलीला जोडून इथे यायचं असेल, तर शेंगेन व्हिसा चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. ब्रिटिश-आयरिश योजनेखाली दिलेला ब्रिटनचा व्हिसा असेल तर तो चालतो, पण त्यावर तसा उल्लेख असला पाहिजे आणि आधी ब्रिटनमध्ये प्रवेश केलेला असला पाहिजे.

आता उजेडाचं गणित. किल्केनी बावन्न अंशांच्याही उत्तरेला आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री दहाच्या थोडा आधी मावळतो आणि संधिप्रकाश नंतरही बराच वेळ रेंगाळतो. म्हणजे साडेसातची टूर भर उन्हात होते. कंदिलाच्या उजेडातली भुताखेतांची फेरी मनात धरून जुलैत आलेल्यांची निराशा होते. डिसेंबरच्या मध्यात सव्वाचारच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे पाचची टूर पूर्ण काळोखात चालते. आमच्या मते सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा एप्रिलची सुरुवात सगळ्यात चांगली. सातच्या आसपास निघालं की सुरुवातीला भिंतींवरचे कोरीव लेख वाचता येतात आणि शेवटापर्यंत दिवे लागतात.

टूर साधारण तास-दीड तासाची असते. चालायचं अंतर थोडंच. किल्ल्यापासून कॅथेड्रलपर्यंतच्या पट्ट्याला ‘मिडिव्हल माइल’ म्हणतात, प्रत्यक्षात तो किलोमीटरभर आहे. पाय थकतात ते चालून नव्हे, थंडगार दगडावर उभं राहून, कारण निम्मा वेळ थांबण्यातच जातो. म्हणून जाड तळव्यांचे बूट आणि लोकरी मोजे हवेत. इथल्या पदपथांना आणि जुन्या फरसबंदीला काळा चुनखडक वापरला आहे. त्यालाच किल्केनी मार्बल म्हणतात, पण तो संगमरवर नाही. घासला की काळाभोर चकाकतो आणि त्यात करोडो वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे पांढरे ठसे दिसतात. पावसाची एक सर आली की दिव्यांच्या उजेडात तो फार सुंदर दिसतो आणि तितकाच निसरडाही होतो. गुळगुळीत सोल नकोच. छत्रीही नको. अरुंद बोळात ती मागच्याच्या डोळ्यांना लागते आणि नदीकाठच्या वाऱ्यात उलटते. टोपीचं जर्किन घालावं, जुलैतसुद्धा, कारण तेव्हाही रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावं, वाटेत सोय मिळेलच असं नाही.

बुकिंग करताना टूर इतिहासाची आहे, भुतांची आहे की पबची, हे विचारून घ्यावं. शुल्क नसलेली टूर असेल तर शेवटी दिलेली टिप हीच गाइडची कमाई असते. माणशी दहा युरो रोख जवळ ठेवावेत. शुल्क भरलेल्या टूरला टिप ऐच्छिक. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी बरोबर असेल तर तेही आधीच सांगावं, कारण नेहमीच्या वाटेत पायऱ्या आहेत आणि त्या टाळायच्या तर गाइडला रस्ता बदलावा लागतो.

सुरुवात बहुधा किल्ल्यासमोरच्या ‘परेड’ नावाच्या चौकात होते. ११७२ च्या सुमारास स्ट्राँगबो या नॉर्मन सरदाराने इथे लाकडी गढी उभारली. पुढे त्याचा जावई विल्यम मार्शल याने बाराव्या शतकाच्या अखेरीस दगडी किल्ल्याला हात घातला. चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला हा चौकोनी किल्ला. पण आज मोजले तर बुरूज तीनच भरतात आणि एका बाजूची भिंतच नाही. १६५० मध्ये क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या तोफांनी ती बाजू खिळखिळी केली आणि ती पुन्हा बांधली गेली नाही. दिवसा अंगणात जाऊन हे मोजून यावं. बटलर घराण्याने १३९१ मध्ये किल्ला विकत घेतला, त्यांचं वास्तव्य १९३५ पर्यंत राहिलं आणि १९६७ मध्ये त्यांनी तो अवघ्या पन्नास पौंडांना गावाच्या हवाली केला.

रोज इन स्ट्रीटवर शी आम्सहाऊस लागतं. १५८२ मध्ये सर रिचर्ड शी याने गरिबांना राहण्यासाठी ते बांधलं. तिथून वर चढलं की हाय स्ट्रीट. या रस्त्यावर थॉलसेल आहे, १७६१ चं बांधकाम. नावाचा अर्थ जकात मोजण्याची जागा. त्याची कमानींची ओवरी थेट पदपथावर आली आहे, त्यामुळे पाऊस आला तर सगळे गट इथेच शिरतात. अशा वेळी गाइडच्या समोर न थांबता त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं. गाड्यांचा आवाज समोरून येतो आणि आयरिश उच्चारांची सवय नसलेल्या कानाला शब्द निसटतात. ‘थ्री’चा ‘ट्री’ ऐकू येतो, सनावळी दोन-दोन आकड्यांत भराभर सांगितली जाते. १३२४, १३६६, १६४२ हे तीन आकडे आधीच डोक्यात असले की निम्मी टूर सोपी होते.

पहिला आकडा ॲलिस किटलरचा. थॉलसेलजवळच्या बटर स्लिप या बोळातून खाली उतरलं की सेंट कीरन्स स्ट्रीट लागते आणि तिथे तिच्या नावाचा पब आहे. बोळ १६१६ चा, लोणी विकणाऱ्या बायका इथे बसत म्हणून हे नाव. पायऱ्या झिजलेल्या आहेत, उतरताना भिंतीला हात लावून उतरावं.

ॲलिस श्रीमंत होती, घरात सावकारी होती आणि तिने चार लग्नं केली. नवऱ्यांच्या आधीच्या मुलांना वाटलं, आपला वाटा हिने गिळला. तक्रार गेली बिशप रिचर्ड लेड्रेडकडे आणि त्याने १३२४ मध्ये तिच्यावर जादूटोण्याचा आणि पाखंडाचा खटला भरला. ॲलिसच्या बाजूने मोठी माणसं होती. त्यांच्यापैकी एकाने तर बिशपलाच सतरा दिवस कैदेत टाकलं. शेवटी ॲलिस निसटली आणि पुन्हा सापडली नाही. तिची दासी पेट्रोनिला द मीथ मागे राहिली. तिला फटके मारमारून कबुलीजबाब घेतला आणि ३ नोव्हेंबर १३२४ ला याच गावात जाळलं.

गाइड कसा आहे हे इथेच कळतं. काळं मांजर, कढई आणि चार नवरे यांवर हशा पिकवून पुढे निघाला, तर समजावं की हा पबपर्यंत पोचवणारा माणूस आहे. जो पेट्रोनिलाचं नाव घेतो, पैसा आणि ओळखी असणारी सुटली आणि नसणारी जळली हे सरळ सांगतो, त्याच्याबरोबर पुढचा तास नक्की चालावं. तो नाव घेत नसेल तर आपण विचारावं, ‘आणि दासीचं काय झालं?’ चांगला गाइड या प्रश्नाने खुलतो. या गोष्टीचं पुढचं टोक कॅथेड्रलमध्ये आहे. ॲलिसचा मुलगा विल्यम आउटलॉ याला प्रायश्चित्त म्हणून कॅथेड्रलच्या काही भागावर शिशाचं छप्पर घालून द्यावं लागलं. १३३२ मध्ये घंटेचा मनोरा कोसळला. शिशाचं वजन बांधकामाला पेललं नाही असं सांगतात. लेड्रेडची कबर त्याच कॅथेड्रलमध्ये आहे. दिवसा पाहून ठेवायची म्हटलं ती हीच.

पार्लमेंट स्ट्रीटवर आलं की दुसरा आकडा निघतो. १३६६ मध्ये किल्केनीत भरलेल्या संसदेने इंग्रज वसाहतवाल्यांसाठी कायदे केले: आयरिश बोलायचं नाही, आयरिश घरात सोयरीक करायची नाही, आपली मुलं आयरिश घरी वाढवायला द्यायची नाहीत आणि हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळायचा नाही. कायदे लिहिले होते नॉर्मन फ्रेंचमध्ये. इंग्रज सरदार दोन-तीन पिढ्यांत इतके आयरिश झाले होते की हे कागदावर आणावं लागलं. त्याच हर्लिंगच्या अखिल आयर्लंड विजेतेपदांत आज किल्केनी काउंटी सगळ्यांच्या पुढे आहे. दुकानांवर, खिडक्यांत काळे-पिवळे झेंडे दिसतात ते या संघाचे.

रोथ हाऊस याच रस्त्यावर. जॉन रोथ या व्यापाऱ्याने १५९४ पासून एकामागे एक तीन घरं बांधली, मध्ये चौक आणि शेवटी बाग. पुण्या-नाशिकचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना रस्त्यावर अरुंद तोंड आणि मागे खोल पसारा ही रचना पटकन उमगेल. संध्याकाळी फक्त कमानी दिसतात, आतले चौक दिवसाच पाहावेत. तिसरा आकडा, १६४२, स्वतःचं सरकार चालवणाऱ्या आयरिश कॅथलिकांच्या महासंघाचा. १६४९ पर्यंत त्यांची राजधानी इथे होती. घाईतले गाइड हे एका वाक्यात उरकतात. क्रॉमवेल पुढच्याच वर्षी तोफा घेऊन का आला ते मात्र त्याशिवाय कळत नाही.

पुढे ब्रेगा नावाची छोटी नदी लागते. तिच्या अलीकडे इंग्रजांची पेठ होती, पलीकडे आयरिशटाउन. दोन वेगळी गावं, वेगळा कारभार. तिथून सेंट कॅनिसच्या पायऱ्या चढायच्या. त्या १६१४ च्या आहेत, अंधारात उंची एकसारखी वाटत नाही, म्हणून मोबाइलचा टॉर्च पायांकडे धरावा. वर कॅथेड्रल आणि त्याला खेटून सुमारे तीस मीटर उंचीचा गोल मनोरा. आयर्लंडमध्ये आतून वर चढता येतात असे गोल मनोरे दोनच, हा आणि किल्डेअरचा. आत उभ्या शिड्या आहेत, वारा किंवा पाऊस जोरात असला की चढू देत नाहीत. म्हणून सकाळी हवा चांगली दिसली की आधी इथेच यावं, किल्ला दुपारवर ढकलावा. गावाचं नावही इथलंच: किल म्हणजे चर्च, कॅनिसचं चर्च.

परतताना काही गाइड ॲबी स्ट्रीटने नेतात. तिथे ब्लॅक फ्रेरन गेट आहे, गावाच्या तटबंदीतली शिल्लक राहिलेली एकमेव वेस. बाहेर डॉमिनिकन पंथाचा ब्लॅक ॲबी, १२२५ चा. टूर या वाटेने जाणार नसेल तर आपण नंतर जावं, पाच मिनिटांचं वळण आहे. १३४८-४९ च्या प्लेगबद्दल ऐकायला हीच जागा योग्य, जरी त्याच्या नोंदी लिहिणारा जॉन क्लिन हा संन्यासी गावातल्या दुसऱ्या, फ्रान्सिस्कन मठातला होता. भोवती माणसं मरत असताना तो नोंदी लिहीत राहिला आणि कोणी वाचलंच तर पुढे लिहावं म्हणून चामड्याचे कोरे कागद मागे ठेवून गेला. त्यानंतर दुसऱ्या हाताने लिहिलेली छोटी नोंद येते, की लेखक इथे वारला असावा.

टूर संपते तेव्हा जेवणाची घाई करावी लागते. बऱ्याच पबांची स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात, नंतर फक्त पेयं मिळतात. अठरा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर त्यांना रात्री नऊनंतर पबमध्ये थांबता येत नाही, मे ते सप्टेंबर ही मुदत दहापर्यंत असते. शाकाहाऱ्यांनी भाज्यांचं सूप कोणत्या पाण्यात केलं आहे हे विचारावं, बऱ्याचदा ते कोंबडीचं असतं. सगळ्यात बरं म्हणजे सहालाच जेवून निघावं. मग टूरनंतर वेळ मोकळा राहतो. पुन्हा जॉन्स ब्रिजवर यावं, मधोमध थांबावं आणि दिव्यांत उजळलेला किल्ला खालच्या पाण्यात पाहावा. इथून दोनच बुरूज दिसतात.